नोंदवहीत खरे नाव



जर्मनीला शिकायला निघालेल्या आपल्या मुलामुलींना विमानात बसायच्या आधीच एक सल्ला मिळतो. "खोली मिळतेय ना? मग घेऊन टाक. आनमेल्डुंगचे पुढे बघू." आनमेल्डुंग म्हणजे आपण राहतो त्या पत्त्याची तिथल्या नगरपालिकेच्या कार्यालयात केलेली नोंद. सल्ला देणारे बहुतेक वेळा आपल्याच देशातले, दोनचार वर्षे आधी गेलेले दादा-ताई असतात. खोलीही त्यांच्याच ओळखीतली असते. भाडे रोख द्यायचे, दारावरच्या पाटीवर आपले नाव लावायचे नाही आणि नोंदणीचा विषय काढायचा नाही, अशा अटी असतात. परक्या देशात पहिल्या रात्री डोके टेकायला जागा हवी असते, म्हणून आपली पोरे मान हलवतात.

हा सल्ला आम्हाला मान्य नाही. आम्ही तो धोक्याचा मानतो. ज्या समाजाला शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्या समाजाच्या मुलाने कायद्याने मिळणारा पत्ता आपल्या हाताने सोडून देणे ही साधी गैरसोय नाही. तो आपल्या इतिहासाचा विसर आहे.

बडोद्याची नोंदवही आठवा

सप्टेंबर 1917. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले, लंडनचे शिक्षण अर्धवट सोडावे लागलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. गावात उतरायला जागा नव्हती. हिंदू हॉटेलात जात विचारणार हे ठाऊक होते, म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले. तिथला रखवालदार म्हणाला, ही जागा फक्त पारशांसाठी. पण पैशाची गरज त्यालाही होती. शेवटी तोड निघाली ती अशी, की नोंदवहीत पारशी नाव लिहायचे आणि रोजचा दीड रुपया द्यायचा. जगातल्या एका नामवंत विद्यापीठात शिकलेल्या माणसाला छपरासाठी खोटे नाव लिहावे लागले.

अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली खाली कर, असा हुकूम झाला. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरात घ्यायला आपापल्या परीने असमर्थता दाखवली. बाबासाहेब सार्वजनिक बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे सगळे स्वतः लिहून ठेवले आहे.

ही हकिकत आपण सगळ्यांनी ऐकली आहे, भाषणांत सांगितली आहे. पण तिच्यातल्या नोंदवहीकडे आपले लक्ष जात नाही. खोटे नाव लिहिले तोवर छप्पर होते. खरे नाव कळले आणि छप्पर गेले. नोंदवहीत खरे नाव नव्हते, म्हणून तक्रार करायलाही जागा नव्हती. ज्या माणसाची नोंदच नाही, त्याला काढून कुठून टाकले, हे सिद्ध कोण करणार?

आजचे बडोदे

आमच्या ओळखीतला मराठवाड्यातला एक मुलगा जर्मनीतल्या एका शहरात पदव्युत्तर शिक्षणासाठी गेला. आईवडील शेतमजूर. शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर येईल याची खात्री नाही. एका भारतीय भाडेकरूच्या फ्लॅटमध्ये त्याला पलंगापुरती जागा मिळाली. आधी आडनाव विचारले, मग 'म्हणजे तुम्ही नेमके कोण' असे विचारले. पोरगा गप्प राहिला. नोंदणी होणार नाही, मूळ घरमालकाला सांगायचे नाही, मांस शिजवायचे नाही, अशा अटींवर तो तिथे तीन महिने राहिला. चौदा एप्रिलला त्याने खोलीच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला आणि मोबाईलवर स्टेटस ठेवले. त्याच आठवड्यात 'आमचे नातेवाईक येणार आहेत, दोन दिवसांत जागा कर' असा निरोप आला. अनामत रक्कम परत मिळाली नाही.

त्याने आम्हाला फोन केला तेव्हा आम्ही पहिला प्रश्न विचारला, तू तिथे राहत होतास याचा कागद काय आहे? कागद काहीच नव्हता. भाडे रोख, करार तोंडी, नोंदणी नाही. जर्मन कायद्यात तोंडी करारालाही किंमत आहे, पण तो झाला होता हे दाखवणार कशाने? त्या शहराच्या दफ्तरी तो पोरगा तीन महिने कुठेच राहत नव्हता.

आता सांगा, बडोदे आणि हे शहर यांत फरक कशाचा? आमच्या मते एकच फरक आहे. बडोद्यात बाबासाहेबांच्या बाजूने कायदा नव्हता. या पोराच्या बाजूने होता, पण त्याला तो वापरू दिला गेला नाही.

कायदा काय सांगतो

जर्मनीत 1 नोव्हेंबर 2015 पासून पत्तानोंदणीचा एकच केंद्रीय कायदा लागू आहे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंद करायची. ही सक्ती सगळ्यांवर आहे, जर्मन नागरिकावरही आणि आपल्यावरही. नोंदणीसाठी पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घर देणाऱ्याने सही केलेले 'ही व्यक्ती अमुक तारखेला इथे राहायला आली' असे पत्र लागते.

इथे नीट लक्ष द्या. हे पत्र देणे घर देणाऱ्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. तो आपल्यावर मेहेरबानी करत नाही. आणि 'घर देणारा' म्हणजे मूळ मालकच असला पाहिजे असेही नाही. ज्याने स्वतः फ्लॅट भाड्याने घेऊन त्यातली खोली तुम्हाला दिली, तो मुख्य भाडेकरूही हे पत्र देऊ शकतो. 'मालक परदेशात आहे, सही मिळणार नाही' ही सबब म्हणूनच लंगडी आहे. त्याने पत्र द्यायचे नाकारले, तर तसे नोंदणी कार्यालयाला ताबडतोब कळवा, असे कायदाच भाडेकरूला सांगतो. म्हणजे तक्रार करणे हा आगाऊपणा नाही, ते तुमच्यावर सोपवलेले काम आहे.

उशीर झाला तर एक हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. जिथे राहतच नाही असा पत्ता नोंदणीसाठी विकणाऱ्याला तर पन्नास हजार युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे 'शंभर-दोनशे युरो द्या, पत्ता देतो' म्हणणाऱ्या दलालांपासून दूर राहा. खोटा पत्ता म्हणजे पुन्हा बडोद्याचे खोटे नावच.

नोंदणी झाली की हातात प्रमाणपत्र पडते. मग त्याच पत्त्यावर करओळख क्रमांक टपालाने येतो. तो नसेल तर अर्धवेळ नोकरीच्या पगारातून सर्वांत चढ्या वर्गाने कर कापला जाऊ शकतो. निवास परवाना कोणत्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाने द्यायचा, हेही पत्त्यावरूनच ठरते. अनेक बँका खाते उघडताना हे प्रमाणपत्र मागतात. व्हिसासाठी विद्यार्थ्याला बंद खात्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला 992. आईने दागिने मोडून, बापाने कर्ज काढून भरलेला हा पैसा महिन्याच्या महिन्याला हाती यायला चालू खाते लागते. साखळी बघा. पत्ता नाही म्हणून खाते अडते, खाते अडले म्हणून पैसा अडतो आणि पैसा अडला की पोरगा पुन्हा त्याच रोख भाडे घेणाऱ्या दादाच्या दारात उभा.

नोंदणीनंतर रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचे पत्रही येते. महिन्याला 18.36 युरो. या पत्राला घाबरून काही जण नोंदणी टाळतात. हे शुल्क घरामागे एकदाच असते. फ्लॅटमध्ये चौघे राहत असतील तर एकाने भरायचे आणि आपसांत वाटून घ्यायचे. एवढ्यासाठी कायदेशीर अस्तित्व सोडून देणारा शहाणा कसा म्हणायचा?

आणि देश सोडताना नोंद रद्द करायला विसरू नका. तीही निघण्याच्या आठवडाभर आधीपासून ते निघाल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत करायची असते.

"नोंद म्हणजे पाळत" असे म्हणणाऱ्यांना

आमच्याच चळवळीतले काही साथी वेगळा मुद्दा मांडतात. ते म्हणतात, सरकारी नोंदवह्यांनी आपले भले कधी केले? आम्ही हा मुद्दा हसण्यावारी नेत नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती वहीत नोंदवल्या. माणसाने गुन्हा केला की नाही हे कोणी विचारले नाही. पोलीस पाटलाकडे हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची. 1952 साली या जमाती विमुक्त झाल्या, पण ती वही पोलिसांच्या डोक्यातून अजून पुसलेली नाही. जर्मनीचा इतिहासही सोज्वळ नाही. 1938 साली नाझी राजवटीने देशभरासाठी पत्तानोंदणीचा हुकूम काढला. नोंदणीची दफ्तरे ज्यूंना शोधून काढण्यासाठी कशी वापरली गेली, ते जगाला माहीत आहे.

म्हणून भीती खोटी नाही. पण त्यावर लपून राहणे हा उपाय आहे का? वही कोणाची आहे ते तपासा. ज्या वहीत फक्त पारध्याचे नाव लिहिले जाते, ती वही जाळलीच पाहिजे. ज्या वहीत विद्यापीठाच्या कुलगुरूंपासून सफाई कामगारापर्यंत प्रत्येकाला आपला पत्ता लिहावाच लागतो, तिच्यातून फक्त आपण गायब राहिलो तर तोटा कुलगुरूंचा होत नाही. शिवाय त्या वहीवर आपलाही हक्क आहे. आपली माहिती राजकीय पक्षांना, पत्त्यांच्या पुस्तिका छापणाऱ्यांना देऊ नका, असा आक्षेप तिथे विनाशुल्क नोंदवता येतो. जिवाला धोका असेल तर माहिती रोखून धरण्याचीही तरतूद आहे. हे फॉर्म मागून घ्या. पाळतीची चीड असणाऱ्याने आधी आपले हक्क पाठ करावेत.

धर्माच्या रकान्यात काय लिहायचे

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त विचारला जातो. नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. जात कोणी विचारत नाही. आपली मुले त्या रकान्यापाशी अडखळतात. काही घाबरून मोकळे सोडतात, काही 'सगळे भारतीय लिहितात तेच' म्हणून हिंदू लिहितात.

तो रकाना तिथे का आहे हे समजून घ्या. जर्मनीत सरकार काही धर्मसंस्थांसाठी कर गोळा करते. मुख्यतः कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चसाठी. हा कर आपल्या आयकराच्या वर 8 किंवा 9 टक्के असतो. बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये 8, बाकी राज्यांत 9. बौद्ध म्हणवणाऱ्यावर असा कर नाही. म्हणजे 'बौद्ध' लिहिल्याने एक सेंटही जास्त जात नाही. मग अडखळायचे कशासाठी?

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 65 लाख आणि देशात 84 लाख बौद्ध नोंदले गेले. आपल्या वस्त्यांची संख्या बघता हा आकडा कमी आहे, हे आपण सगळेच म्हणतो. सवलती जातील या भीतीने लोकांनी हिंदू लिहिले, असेही म्हणतो. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीने मिळाल्या, तरी भीती गेलेली नाही. पण म्युनिकच्या कार्यालयात तर कोणतीच सवलत पणाला लागलेली नसते! तिथे जो बौद्ध लिहायला कचरतो, त्याला अडवणारी भीती सरकारची नाही. शेजारच्या खुर्चीतल्या देसी मित्राने फॉर्म बघितला तर काय, ही ती भीती आहे. 1956 साली नागपुरात आपल्या आजोबांनी ती भीती सोडली होती. आपण ती विमानाने परत घेऊन आलो.

"आपलीच माणसे" म्हणजे कोण?

"परदेशात सगळे भारतीय एक असतात." हे वाक्य ऐकायला गोड आहे. मग खोलीच्या जाहिरातीत 'फक्त शाकाहारी' का लिहिले जाते? आडनाव ऐकल्यावर गावाचे, मग गल्लीचे नाव का विचारले जाते? जातीने पासपोर्ट काढलेला नाही, तरी ती आपल्याआधी तिथे पोहोचली आहे. जर्मनीच्या 2006 च्या समान वागणूक कायद्यात वंश, धर्म, लिंग, अपंगत्व, वय आणि लैंगिक ओळख हे शब्द आहेत, जात हा शब्द नाही. अमेरिकेत सिॲटल शहराने फेब्रुवारी 2023 मध्ये जातीवरच्या भेदभावाला बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी ते फेटाळले.

सिॲटलमध्ये ते कसे झाले? तिथले आपले लोक नगर परिषदेसमोर उभे राहिले आणि 'आम्ही इथे राहतो, आमच्याशी असे होते' म्हणाले. ज्याचा पत्ताच नाही तो 'मी इथे राहतो' हे वाक्य कोणत्या तोंडाने बोलणार? जर्मनीतल्या नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालिया राज्यात शहरांच्या एकात्मताविषयक समित्यांसाठी परदेशी रहिवाशांनाही मत देता येते. त्यासाठी त्या शहरात नोंदलेला निवास लागतो.

इंग्लंडमध्ये तर याहून मोठी गोष्ट आहे. तिथे जर्मनीसारखी सक्तीची पत्तानोंदणी नाही, पण कौन्सिलच्या मतदार यादीत नाव घालता येते. राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून तिथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीयांना संसदेसाठीही मतदान करता येते. आपल्या किती विद्यार्थ्यांना हे माहीत आहे? 1919 साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. त्यांचे फोटो घेऊन लंडनला गेलेले तरुण कौन्सिलचे मतदार नोंदणीचे पत्र जाहिरात समजून फेकून देतात, तेव्हा आम्हाला वाईट वाटते.

बाबासाहेबांच्या घराचाही कागद लागला

लंडनमधले 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये बाबासाहेब इथे राहिले. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये हे घर विकत घेतले आणि तिथे संग्रहालय उभे राहिले. पण निवासी घराचे संग्रहालय करायला लागणारी स्थानिक परवानगी आधी घेतलेली नव्हती. शेजाऱ्यांनी हरकत घेतली, कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली, चौकशी बसली. अखेर मार्च 2020 मध्ये ब्रिटनच्या मंत्र्याने मंजुरी दिली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

यातून शिकायचे काय? शेजाऱ्यांच्या मनात काय होते त्यावर वाद घालता येईल. पण कागद वेळेवर झाला असता तर हरकत घ्यायला जागाच उरली नसती. भावना कितीही मोठी असली तरी स्थानिक कार्यालयाच्या टेबलावर शेवटी कागद बोलतो. बाबासाहेबांच्या घराला जो नियम लागला, तो आपल्या दहा बाय बाराच्या खोलीला लागणार नाही का?

आता आपल्या गिरेबानात

दोष फक्त खोली देणाऱ्या दादांना देऊन आम्ही मोकळे होणार नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या 75 जागांवर आपला मुलगा निवडला गेला की आपण सत्कार करतो, फलक लावतो. तो विमानात बसला की आपले काम संपते. परदेशातल्या आपल्या मंडळांचेही तसेच. चौदा एप्रिलला केक, डिसेंबरात अभिवादन, फोटो, भाषण. पण ऑक्टोबरच्या थंडीत बॅग घेऊन स्थानकावर उतरलेल्या पोरीला पहिले दोन आठवडे कोण ठेवून घेणार? तिला नोंदणीचे पत्र कोण देणार? हे विचारले की सभा शांत होते.

आमच्या मागण्या आपल्याच लोकांकडे आहेत. ज्यांच्या नावावर फ्लॅट आहे त्या प्रत्येक आंबेडकरी माणसाने खोली रिकामी झाली की आधी आपल्या विद्यार्थ्याला विचारावे. भाडे बँकेतून घ्यावे आणि पत्रावर पहिल्याच दिवशी सही करून द्यावी. आपला माणूसच रोख पैसे घेऊन नोंदणी टाळायला लागला, तर तो आमच्या लेखी त्या दादांपेक्षा वेगळा नाही. प्रत्येक मंडळाने एक तरी माणूस असा तयार करावा, ज्याला स्थानिक भाषा येते आणि जो पहिल्यांदा कार्यालयात सोबत येईल. आणि जाणाऱ्या विद्यार्थ्याने खोली ठरवताना भाडे किती, याच्या आधी विचारावे: नोंदणी होणार का? उत्तर 'नाही' आले तर शक्य असेल तिथे वसतिगृहाची यादी, विद्यापीठाची तात्पुरती सोय, दुसरे शहर, काहीही बघावे.

नाइलाजाने अशाच खोलीत दिवस काढणाऱ्या पोरांना आम्ही नावे ठेवत नाही. घरांची टंचाई खरी आहे, हे आम्ही जाणतो. त्यांना एवढेच सांगतो, भाडे भरल्याचे पुरावे जपा, संदेश पुसू नका आणि आज ना उद्या निघायचे आहे हे ठरवून ठेवा.

नोकरदार होऊन तिथे स्थिरावलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. परदेशाचे नागरिकत्व घेतलेले नसेल तर पासपोर्टवरच्या पत्त्यावर परदेशस्थ मतदार म्हणून भारतातल्या यादीत नाव ठेवता येते. फॉर्म 6ए भरायचा. मत द्यायला मात्र स्वतः यावे लागते. तिकडचा पत्ता पक्का करा आणि इकडची वस्तीही सोडू नका.

बडोद्याच्या त्या बागेत बसलेल्या माणसाने पुढे या देशाची राज्यघटना लिहिण्याचे काम केले. त्याच्या नातवंडांना आज परक्या शहरातल्या कार्यालयात टोकन घेऊन रांगेत बसावे लागते, एवढेच. नंबर आला की खिडकीपाशी जा. नाव खरे लिहा, आडनाव पूर्ण लिहा, धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहा, पत्ता लिहा आणि शिक्का मारलेला कागद घेऊन ताठ मानेने बाहेर पडा. घरी जाऊन भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावा. आता तो काढायला सांगणाऱ्याला आधी कायद्याशी बोलावे लागेल.

जयभीम! नमो बुद्धाय!